परिवेश-चले, वेब सर्व्हरवरील

परिवेश-चले, वेब सर्व्हरवरील : संगणकावर एखादी आज्ञावली सुरू होताना तिच्या मजकुराबाहेरून तिला नाव व मूल्य यांच्या जोड्यांच्या रूपाने जी माहिती पुरविली जाते, त्या जोड्यांना परिवेश-चले असे म्हणतात. इंटरनेटवरून आलेल्या विनंत्या स्वीकारून त्यांना उत्तरे देणाऱ्या आज्ञावलीस वेब सर्व्हर म्हणतात. ठरीव मजकुराचे पान मागितले गेल्यास सर्व्हर ते जसेच्या तसे पाठवितो; परंतु उत्तर त्या वेळी तयार करावयाचे असल्यास तो दुसऱ्या एका छोट्या आज्ञावलीस काम सोपवितो. या आज्ञावलीला स्क्रिप्ट असे नाव रूढ आहे. स्क्रिप्टला विनंतीचे स्वरूप, विनंती करणाऱ्याचा पत्ता, माहितीसाठ्याचे ठिकाण, स्थानिक वेळ, लिपी इ. गोष्टी कळण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे परिवेश-चले होत.

ही चले दोन भिन्न उगमांतून येतात. काही सर्व्हर सांभाळणारा चालक जाणीवपूर्वक योजतो, तर काही दूरस्थ विनंतीकर्त्याने पाठविलेल्या मजकुरावरून तयार होतात. दोन्ही प्रकारची चले स्क्रिप्टला एकाच यादीत मिळतात. कोणते मूल्य विश्वसनीय व कोणते परक्याच्या हातचे, हे त्यामुळे केवळ नावावरूनच ओळखावे लागते. या विषयातील बहुतेक नियम आणि आजवर घडलेले गंभीर प्रमाद यांचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

परिवेश-चलांची नावे प्रत्यक्षात रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांत लिहिण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत नोंदीत ती उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.

स्वरूप : चालू स्थितीतील आज्ञावलीस प्रक्रिया म्हणतात. परिचालन प्रणाली नवी प्रक्रिया सुरू करते तेव्हा तिला दोन याद्या देते : आज्ञेबरोबर लिहिलेल्या शब्दांची एक आणि परिवेश-चलांची दुसरी. दुसऱ्या यादीतील प्रत्येक नोंद नाव, बरोबरीचे चिन्ह व मूल्य अशा क्रमाने लिहिलेली साधी अक्षरमालिका असते. उदा., ‘पाथ’ या चलात आज्ञावल्या शोधावयाच्या निर्देशिकांची नावे असतात, ‘टीझेड’ या चलात कालविभागाचे नाव असते, तर ‘लँग’ या चलात भाषा, देश व लिपीचे संकेतन यांचा उल्लेख असतो.

परिवेश-चलांचे तीन गुणधर्म ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिला गुणधर्म वारशाचा होय. मूळ प्रक्रियेचा परिवेश तिने निर्माण केलेल्या उपप्रक्रियेला प्रतीच्या रूपाने मिळतो. उपप्रक्रियेने आपल्या प्रतीत केलेला बदल मूळ प्रक्रियेपर्यंत पोहोचत नाही आणि उपप्रक्रिया संपताच तो नष्ट होतो. दुसरा गुणधर्म असा की, मूल्य हे नेहमी अक्षररूप असते. शून्य हा अंक किंवा ‘नाही’ या अर्थाचा शब्द मूल्य म्हणून दिला, तरी स्क्रिप्टच्या दृष्टीने ती केवळ रिकामी नसलेली अक्षरमालिका असते. चल अस्तित्वात आहे एवढेच पाहणारी निष्काळजी स्क्रिप्ट त्याचा अर्थ ‘होय’ असा करते. तिसरा गुणधर्म म्हणजे परिवेश हा प्रक्रियेचा असतो, व्यक्तीचा किंवा यंत्राचा नसतो. चालकाने संगणकावर स्वतःच्या नावाने प्रवेश करून एखादे चल योजले, तर ते त्याच्या त्या बैठकीतील प्रक्रियांपुरतेच राहते. यंत्र सुरू होताना स्वतंत्रपणे सुरू झालेल्या वेब सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो. ‘हाताने चालविली असता स्क्रिप्ट बिनचूक चालते, सर्व्हरमार्फत मात्र चालत नाही’ या सर्वत्र आढळणाऱ्या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते.

इतिहास : आज प्रचलित असलेल्या स्वरूपातील परिवेश-चले अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स या परिचालन प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत १९७९ साली आली. स्टीफन बोर्न यांनी तयार केलेला आज्ञा-अर्थक (शेल) याच आवृत्तीबरोबर प्रसृत झाला. ‘एक्स्पोर्ट’ या आज्ञेने चल उपप्रक्रियांना उपलब्ध करून देण्याची सोय त्यात होती.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत वेबची उभारणी केल्यावर आरंभीचे सर्व्हर मुख्यतः तयार पाने पाठवीत. इलिनॉय विद्यापीठातील राष्ट्रीय महासंगणन केंद्राच्या सर्व्हरसंदर्भात १९९३ मध्ये सर्व्हर व बाह्य आज्ञावली यांच्यातील व्यवहाराचा एक संकेत ठरविण्यात आला. ‘कॉमन गेटवे इंटरफेस’ या त्याच्या इंग्रजी नावावरून तो ‘सीजीआय’ या संक्षेपाने ओळखला जातो. विनंतीचा तपशील स्क्रिप्टपर्यंत पोहोचविण्यासाठी नवी यंत्रणा न रचता युनिक्समध्ये तयार असलेल्या परिवेश-चलांचाच उपयोग करावा, ही या संकेतामागील कल्पना होय. कोणत्याही संगणक भाषेत परिवेश वाचण्याची सोय असल्यामुळे हा संकेत त्वरित पसरला. त्याच्या १.१ या आवृत्तीचे विवरण ऑक्टोबर २००४ मध्ये आरएफसी ३८७५ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले.

सीजीआय पद्धतीत प्रत्येक विनंतीसाठी नवी प्रक्रिया सुरू करून ती संपवावी लागते. वर्दळ वाढल्यावर ही पद्धत खर्चिक ठरू लागली, तेव्हा स्क्रिप्ट चालविणाऱ्या प्रक्रिया कायम जिवंत ठेवून त्यांच्याकडे एकामागून एक विनंत्या पाठविणाऱ्या फास्टसीजीआयसारख्या पद्धती प्रचारात आल्या. पायथन भाषेसाठी २००३ मध्ये मांडलेल्या डब्ल्यूएसजीआय या संकेतानेही तेच मार्ग अनुसरले. या पद्धतींत विनंतीविषयीच्या जोड्या प्रक्रियेच्या खऱ्या परिवेशात न ठेवता प्रत्येक विनंतीबरोबर स्वतंत्र कोष्टकातून दिल्या जातात. नावे मात्र सीजीआयमधीलच आहेत. एक जुना संकेत मूळ यंत्रणा बदलल्यावरही केवळ शब्दसंग्रहाच्या रूपाने टिकून राहिल्याचे हे उदाहरण आहे.

विनंतीतून येणारी चले : सीजीआयमध्ये ठरविलेल्या चलांपैकी ‘रिक्वेस्ट_मेथड’ हे विनंतीचा प्रकार, ‘क्वेरी_स्ट्रिंग’ हे पत्त्यातील प्रश्नचिन्हानंतरचा मजकूर, ‘कंटेंट_लेंग्थ’ हे सोबत आलेल्या मजकुराची लांबी आणि ‘रिमोट_अ‍ॅडर’ हे विनंती ज्या यंत्राकडून आली त्याचा अंकीय पत्ता दर्शविते. यांतील शेवटचे चल सर्व्हर स्वतः जोडणीवरून ठरवितो; ‘क्वेरी_स्ट्रिंग’ मात्र सर्वस्वी विनंतीकर्त्याच्या इच्छेवर असते.

समजा, तालुकानिहाय माहिती देणाऱ्या एखाद्या पानावर वाचकाने ‘पालघर’ हे नाव निवडले. या नावात युनिकोडच्या हिशेबाने पाच चिन्हे आहेत : प, काना, ल, घ व र. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणून नावाचे एकूण १५ बाइट होतात. पत्त्यात देवनागरी अक्षरे थेट पाठविता येत नसल्याने प्रत्येक बाइट शेकडा-चिन्ह व दोन षोडशमान अंक अशा तीन अक्षरांनी लिहिला जातो. परिणामी ‘क्वेरी_स्ट्रिंग’मध्ये ‘पालघर’ हा शब्द ४५ अक्षरांच्या रूपात येतो. स्क्रिप्टला तो उलट क्रियेने पुन्हा देवनागरीत आणावा लागतो.

याखेरीज प्रत्येक विनंतीच्या आरंभी काही शीर्षनोंदी असतात. विनंतीकर्त्याची आज्ञावली कोणती, त्याला कोणत्या भाषेतील उत्तर हवे इ. तपशील त्यांत असतो. सर्व्हर अशा प्रत्येक नोंदीच्या नावातील लहान अक्षरे मोठी करतो, जोडरेषेऐवजी अधोरेषा घालतो आणि नावाच्या आधी ‘एचटीटीपी_’ हा उपसर्ग लावून तिचे चल बनवितो. हा उपसर्ग म्हणजे परक्याकडून आलेल्या मूल्यावर मारलेला शिक्का होय. मात्र जोडरेषा व अधोरेषा यांतील भेद या रूपांतरात नाहीसा होत असल्याने दोन भिन्न शीर्षनोंदींपासून एकाच नावाचे चल तयार होऊ शकते. म्हणून एनजिनएक्स हा सर्व्हर नावात अधोरेषा असलेल्या शीर्षनोंदी सामान्यतः गाळून टाकतो.

चालकाने योजावयाची चले : जी माहिती स्थळ, काळ व यंत्र यांनुसार बदलते ती आज्ञावलीच्या मजकुरात न लिहिता बाहेरून द्यावी, हे या चलांमागील तत्त्व आहे. पालघर व बोईसर-तारापूर या परिसराच्या संदर्भात ते स्पष्ट करता येईल.

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा महाराष्ट्रातील ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड व वाडा हे आठ तालुके त्यात आले. तालुक्यांविषयी माहिती देणाऱ्या एखाद्या स्क्रिप्टच्या मजकुरात ‘ठाणे’ हे नाव ठिकठिकाणी लिहिलेले असेल, तर अशा विभाजनानंतर प्रत्येक जागा शोधून ती दुरुस्त करावी लागते आणि एखादी जागा नजरेतून सुटण्याचा संभव राहतो. हेच नाव परिवेश-चलातून घेतलेले असल्यास एका ठिकाणचे मूल्य बदलून काम भागते व तीच स्क्रिप्ट दोन्ही जिल्ह्यांसाठी चालू शकते. मात्र चलांची आखणी विचारपूर्वक करावी लागते. २०११ च्या जनगणनेच्या वेळी हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. त्यामुळे त्या जनगणनेची आकडेवारी ‘ठाणे’ या शीर्षाखालीच आढळते. प्रशासकीय जिल्ह्यासाठी एक व जनगणनेतील जिल्ह्यासाठी दुसरे अशी दोन स्वतंत्र चले न ठेवल्यास ‘पालघर’ हे नवे मूल्य देताच जुनी आकडेवारी सापडेनाशी होईल.

दुसरे उदाहरण औद्योगिक मापनांचे आहे. बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक क्षेत्रात रसायने, औषधे, कापड इत्यादींचे कारखाने असून त्यांच्या सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र आहे. प्रक्रिया केलेले पाणी नवापूर येथील किनाऱ्याजवळ समुद्रात सोडले जाते. या परिसरातील प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद या मच्छीमार समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली होती आणि न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये त्यावर निर्णय दिला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली १७ प्रकारचे अतिप्रदूषणकारी उद्योग व सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांच्यासाठी सतत मापन करणारी उपकरणे बसविण्याचे व त्यांची मापने संगणकमार्गे पाठविण्याचे निर्देश राज्य मंडळांना दिले. अशा व्यवस्थेत सामू, रासायनिक ऑक्सिजन मागणी यांसारखी मापने ठरावीक अंतराने एखाद्या सर्व्हरकडे पोहोचतात आणि स्क्रिप्ट ती दिनांक व वेळ यांसह नोंदवून ठेवते. न्यायालयीन वा प्रशासकीय चौकशीत या नोंदींचा आधार घेतला जाऊ शकत असल्याने त्यांची अचूकता महत्त्वाची असते. मापने स्वीकारणाऱ्या अशा एखाद्या स्क्रिप्टची कल्पना केल्यास पुढील तीन चलांचे महत्त्व कळून येते.

(१) कालविभाग : पुष्कळ सर्व्हर जागतिक समन्वित वेळेवर चालविले जातात. भारतीय प्रमाण वेळ त्या वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. ‘टीझेड’ या चलात आशिया/कोलकाता हे मूल्य दिले नाही आणि स्क्रिप्टनेही कालविभागाचा स्वतंत्र विचार केला नाही, तर १ ऑगस्ट रोजी पहाटे ३ वाजून ३० मिनिटांनी घेतलेले मापन ३१ जुलै रोजी रात्री १० वाजताचे म्हणून नोंदले जाईल. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या प्रत्येक मापनाचा दिनांक याप्रमाणे एक दिवसाने मागे पडतो व महिन्याच्या सरासरीतही फरक होतो. रात्रपाळीत सोडलेल्या पाण्याची नोंद चुकीच्या दिवशी दिसणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

(२) भाषा व संकेतन : डेबियन व उबुंटू या प्रणालींबरोबर येणाऱ्या अपॅची सर्व्हरच्या ‘एन्व्हव्हार्स’ नावाच्या फाइलमध्ये ‘लँग’ या चलाचे मूल्य ‘सी’ असे दिलेले असते. या मूल्यात देवनागरीची कोणतीही सूचना नसते. ते तसेच राहिल्यास काही स्क्रिप्ट ‘बोईसर’, ‘नवापूर’ यांसारख्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हे छापतात, तर काही त्रुटी दाखवून मध्येच थांबतात. मराठी, भारत व यूटीएफ-८ असे निर्देश करणारे मूल्य योजल्यास, आणि ते परिचालन प्रणालीवर स्थापित केलेले असल्यास, ही अडचण दूर होते. पायथन भाषेच्या २०१८ साली प्रसृत झालेल्या ३.७ या आवृत्तीपासून ‘सी’ हे मूल्य असतानाही यूटीएफ-८ गृहीत धरले जाते; इतर अनेक साधनांना मात्र अद्यापि स्पष्ट सूचना द्यावी लागते.

(३) माहितीसाठ्याचा पत्ता : चाचणीसाठी व प्रत्यक्ष कामासाठी वेगवेगळे माहितीसाठे वापरतात. कोणता वापरावयाचा हे चलावरून ठरत असेल, तर तीच स्क्रिप्ट एक अक्षरही न बदलता दोन्हीकडे चालते. परंतु चल योजावयाचे राहून गेल्यास काय करावे, याचा निर्णय आधीच घ्यावा लागतो. मूल्य न मिळाल्यास एखादे गृहीत मूल्य घेऊन पुढे जाणारी स्क्रिप्ट चाचणीचे कल्पित आकडे खऱ्या नोंदींत मिसळू शकते. आवश्यक मूल्य नसल्यास आरंभीच स्पष्ट संदेश देऊन थांबणे, हीच इष्ट रीत होय.

योजनेच्या पद्धती : चल सर्व्हरपर्यंत व तेथून स्क्रिप्टपर्यंत पोहोचविण्याचे मार्ग मुख्यतः चार आहेत.

पहिला मार्ग परिचालन प्रणालीच्या पातळीवरील आहे. लिनक्समध्ये बहुतेक ठिकाणी सिस्टिमडी ही यंत्रणा सेवा सुरू करते. सेवेच्या वर्णनात ‘एन्व्हायर्न्मेंट’ या निर्देशाने चल थेट लिहिता येते किंवा ‘एन्व्हायर्न्मेंटफाइल’ या निर्देशाने चलांच्या फाइलचा पत्ता देता येतो. अशी मूल्ये प्रक्रिया सुरू होतानाच मिळत असल्याने त्यांत बदल केल्यावर सर्व्हर पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करावा लागतो. केवळ नियमांची फाइल पुन्हा वाचावयास लावून भागत नाही.

दुसरा मार्ग सर्व्हरच्या नियम-फाइलचा आहे. १९९५ साली प्रथम प्रसृत झालेल्या अपॅची सर्व्हरमध्ये ‘सेटएन्व्ह’ या निर्देशाने नवे चल योजता येते, ‘पासएन्व्ह’ने सर्व्हरच्या स्वतःच्या परिवेशातील चल स्क्रिप्टकडे पाठविता येते व ‘अनसेटएन्व्ह’ने ते काढून टाकता येते. ‘सेटएन्व्हइफ’ हा निर्देश विनंतीचे काही वैशिष्ट्य जुळले तरच चल योजतो. या दोहोंमधील क्रमाचा भेद महत्त्वाचा आहे. ‘सेटएन्व्ह’ची अंमलबजावणी प्रवेशाची परवानगी तपासणे, पत्त्याचे रूपांतर करणे इ. आरंभीच्या टप्प्यांनंतर होते. म्हणून त्या टप्प्यांत उपयोगी पडावयाचे चल ‘सेटएन्व्हइफ’नेच योजावे लागते. एकाच यंत्रावर अनेक संकेतस्थळे असल्यास प्रत्येकाच्या विभागात निराळी मूल्ये देता येतात. चालकाने मुभा दिली असल्यास विशिष्ट निर्देशिकेपुरते नियमही लिहिता येतात. ते प्रत्येक विनंतीच्या वेळी वाचले जात असल्याने सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागत नाही.

तिसरा मार्ग मध्यस्थ प्रक्रियेचा आहे. एनजिनएक्स हा सर्व्हर स्क्रिप्ट स्वतः चालवीत नाही. तो विनंती दुसऱ्या प्रक्रियेकडे सोपवितो व ‘फास्टसीजीआय_परॅम’ या निर्देशाने दिलेल्या जोड्या तिच्याबरोबर पाठवितो. हा सर्व्हर वारशाने आलेल्या परिवेशातील ‘टीझेड’ वगळता सर्व चले काढून टाकतो. पीएचपी भाषेच्या स्क्रिप्ट चालविणारा एफपीएम हा व्यवस्थापकही आपल्या उपप्रक्रियांचा परिवेश गृहीत नियमानुसार रिकामा करतो आणि त्याच्या फाइलमध्ये स्पष्टपणे नमूद केलेली चलेच पुढे जाऊ देतो. चालकाला हे त्रासदायक वाटले, तरी नको ती माहिती नकळत पुढे जाऊ नये हा त्यामागील हेतू आहे.

चौथा मार्ग वेष्टन-आज्ञावलीचा होय. मूळ स्क्रिप्टऐवजी सर्व्हर एक लहान आज्ञावली चालवितो. ती आवश्यक चले योजून मग मूळ स्क्रिप्ट सुरू करते. नियम-फाइलमध्ये बदल करण्याची परवानगी नसलेल्या सामायिक यंत्रांवर हा मार्ग उपयोगी पडतो.

या मार्गांचे परिणाम सर्वत्र सारखे नसतात. अपॅचीतील ‘सूएक्झेक’ ही सोय स्क्रिप्टला तिच्या मालकाच्या नावाने चालविते. परंतु तसे करताना ती सुरक्षित नावांच्या ठराविक यादीबाहेरील चले गाळते. तसेच डब्ल्यूएसजीआय पद्धतीत ‘सेटएन्व्ह’ने दिलेले मूल्य विनंतीबरोबरच्या कोष्टकात मिळते, प्रक्रियेच्या परिवेशात मिळत नाही. चल योजले पण योग्य ठिकाणी शोधले नाही, असा प्रकार यामुळे वारंवार घडतो.

सुरक्षितता : विश्वसनीय व परकी मूल्ये एकाच यादीत ठेवण्याचा धोका दोन घटनांनी प्रकर्षाने उघड केला. पहिली घटना २४ सप्टेंबर २०१४ रोजी जाहीर झालेल्या ‘शेलशॉक’ या दोषाची होय. युनिक्ससदृश प्रणालींवर मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या बॅश या आज्ञा-अर्थकात परिवेश-चलाच्या मूल्यामधून कार्याची व्याख्या स्वीकारण्याची सोय होती. व्याख्या संपल्यानंतर त्याच मूल्यात आणखी आज्ञा लिहिलेल्या असल्यास बॅश त्याही चालवीत असे. हा दोष सुमारे २५ वर्षे त्यात होता. विनंतीतील शीर्षनोंदी सीजीआयच्या संकेतानुसार परिवेश-चले होत असल्यामुळे शीर्षनोंदीत आज्ञा लिहून पाठविणाऱ्या कोणासही ती दूरच्या सर्व्हरवर चालविता येऊ लागली. स्टेफान शाझला यांनी हा दोष शोधून काढला व त्यानंतर बॅशच्या सुधारित आवृत्त्या प्रसृत झाल्या. या घटनेत स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने त्या चलाचा उपयोग करण्याचीही गरज नव्हती. बॅश सुरू होणे पुरेसे होते.

दुसरी घटना जुलै २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘एचटीटीपॉक्सी’ या दोषाची आहे. बाहेरच्या सर्व्हरशी बोलताना कोणत्या मध्यस्थ यंत्रामार्फत बोलावे, हे सांगण्यासाठी पुष्कळ आज्ञावल्या ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ या नावाचे चल वाचतात. हे चल चालकाने योजलेले असते, अशी त्यांची समजूत असते. परंतु विनंतीकर्त्याने ‘प्रॉक्सी’ या नावाची शीर्षनोंद पाठविल्यास सीजीआयच्या नियमानुसार तिचेही चल नेमके याच नावाचे होते. त्यामुळे स्क्रिप्टने बाहेर पाठविलेली गोपनीय माहिती विनंतीकर्त्याने सांगितलेल्या यंत्रामार्फत वळविली जाणे शक्य झाले. पर्ल भाषेतील एका प्रचलित संचात ही त्रुटी २००१ मध्येच ओळखून दुरुस्त केली होती. पंधरा वर्षांनी ती इतर भाषांच्या संचांत पुन्हा आढळली. ‘प्रॉक्सी’ ही शीर्षनोंद सर्व्हरने आरंभीच गाळून टाकणे, हा त्यावरील सोपा उपाय आहे. ज्या चलांच्या नावांना ‘एचटीटीपी_’ हा उपसर्ग आहे ती चालकाने स्वतःच्या कामासाठी वापरू नयेत, हा सर्वसाधारण नियम यावरून निघतो.

गुप्त मूल्ये : माहितीसाठ्याचा परवलीचा शब्द किंवा स्वाक्षरीची किल्ली स्क्रिप्टच्या मजकुरात लिहिल्यास स्क्रिप्टच्या प्रत्येक प्रतीबरोबर ती पसरते. म्हणून ती परिवेश-चलातून द्यावी असा सल्ला दिला जातो. २०११ च्या सुमारास मांडल्या गेलेल्या ‘बारा घटकांची आज्ञावली’ या नियमावलीने त्याचा विशेष पुरस्कार केला. हा सल्ला उपयुक्त असला, तरी परिवेश म्हणजे तिजोरी नव्हे. लिनक्समध्ये चालू प्रक्रियेचा आरंभीचा परिवेश तिच्या मालकाला व प्रमुख चालकाला फाइलप्रमाणे वाचता येतो. प्रत्येक उपप्रक्रियेला तो वारशाने मिळतो. त्रुटी आल्यावर सर्व चलांची यादी पडद्यावर दाखविणारी पाने चुकून सार्वजनिक राहिल्यास परवलीचे शब्द उघड होतात. अधिक संवेदनक्षम कामांत गुप्त मूल्य मोजक्याच खात्यांना वाचता येईल अशा फाइलमध्ये ठेवून तिचा पत्ता तेवढा परिवेश-चलातून देतात, किंवा गुप्त मूल्ये सांभाळणाऱ्या स्वतंत्र सेवेचा उपयोग करतात.

दोषशोधन : चल मिळत नसल्यास प्रथम ते कोणत्या प्रक्रियेसाठी योजले आहे, हे पहावे लागते. स्क्रिप्टमार्फत केवळ आवश्यक तेवढ्या चलांची नावे सर्व्हरच्या नोंदवहीत लिहून घेतल्यास वारसा कोठे तुटला ते कळते. संपूर्ण यादी ब्राउझरच्या पडद्यावर छापणे टाळावे. त्यानंतर नियम-फाइल बदलल्यावर योग्य ती सेवा पुन्हा सुरू झाली आहे काय, सूएक्झेक किंवा एफपीएम यांसारखा गाळणारा टप्पा मध्ये आहे काय आणि स्क्रिप्ट योग्य कोष्टकात शोध घेते काय, या क्रमाने तपासणी करतात. मूल्याभोवतीची अवतरणचिन्हे काही फाइलींत गाळली जातात, तर काहींत मूल्याचाच भाग मानली जातात. हेही पडताळून पाहणे आवश्यक असते. ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टचा परिवेश वेब सर्व्हरहून निराळा व अधिक तोकडा असतो; त्यामुळे एकच स्क्रिप्ट दोन्ही मार्गांनी चालवावयाची असल्यास तिला लागणारी चले दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे योजावी लागतात.